आतला थर

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे आडतीची गादी सांभाळलेल्या एका गृहस्थांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सारा कारभार मुलाच्या हाती सोपविला. ज्याने आयुष्यभर सौदे केले, त्याला घरी बसणे सोपे नसते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की उरलेली संध्याकाळ त्यांच्या अंगावर येई. मुलगा दुकानातून परतल्यावर ते भाव विचारीत. तो आकडा सांगे आणि आत निघून जाई. दोघांमधले बोलणे एवढ्यावर येऊन ठेपले होते.

अशा एका संध्याकाळी आठवीतल्या नातीने वाढदिवसाला मिळालेले खोके त्यांच्यापुढे आणून ठेवले. त्यात लाकडी आगबोटीचा संच होता. प्लायवूडचे कापीव साचे, बारीक पट्ट्यांच्या जुड्या, पितळी खिळे, दोरा आणि एक भला मोठा आराखडा. नात लगेच चिकटवायला निघाली होती. आजोबांनी तिचा हात धरला. माल ताब्यात घेताना आधी मोजणी, हा त्यांचा नेम. यादी हातात घेऊन दोघांनी तीन संध्याकाळी नुसते भाग मोजले. पट्ट्यांतल्या वाकड्या, गाठीच्या पट्ट्या वेगळ्या काढल्या. त्या आतल्या थराला, सरळ त्या बाहेरच्या. चिकटवायला बाजारातला पांढरा कृत्रिम डिंक आणला. चामड्याचा सरस त्या घरात येण्याचा प्रश्नच नव्हता.

बोट होती मिसिसिपी नदीवरची ‘रॉबर्ट ई. ली’. अमेरिकेतल्या न्यू अल्बानी येथे 1866 मध्ये ती बांधली गेली आणि दहा वर्षांतच मोडीत निघाली. मूळ लांबी सुमारे 285 फूट. दीडशेपट लहान केल्यावर जेमतेम 58 सेंटीमीटर. जिच्यावर सेनापती लीचे नाव आहे, ती बोट त्याच्या पराभवानंतरची. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने तो लढला. त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, मुंबईचे कापूसभाव आभाळाला भिडले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळले. त्या कोसळण्यात प्रेमचंद रायचंदांसारख्या सावकाराचेही दिवाळे निघाले, ही हकीकत आजोबांना पाठ होती. ज्या नदीकाठी तो अमेरिकन कापूस पिकत असे, तिच्यावरची बोट आपल्या टेबलावर येईल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हते.

नातीला रस होता तो शर्यतीत. 1870 च्या उन्हाळ्यात ‘ली’ आणि ‘नॅचेझ’ या दोन आगबोटी न्यू ऑर्लिन्सहून सेंट लुईसकडे एकमेकींशी झुंजत निघाल्या. प्रवाहाविरुद्धचे अठराशे किलोमीटरांहून अधिक अंतर ‘ली’ने 3 दिवस 18 तास 14 मिनिटांत कापले. त्यासाठी तिच्या कप्तानाने नेहमीचा माल नाकारला, अनावश्यक सामान उतरविले आणि इंधनही चालत्या बोटीवरच चढवून घेतले. ‘नॅचेझ’ने मात्र आपला माल आणि उतारू नेहमीप्रमाणे घेतले होते.

“आजोबा, ली जिंकली!”

“जिंकली खरी. पण भाडे कुणाला मिळाले?”

नात हसली. आजोबांनी तो प्रश्न गमतीने विचारला नव्हता.

काम पुढे सरकले. मधला कणा उभा करून त्यावर आडवे साचे फासळ्यांसारखे बसवायचे आणि त्यांवर पट्ट्यांचे दोन थर चढवायचे, अशी ही रीत. पट्टी पाण्यात भिजवून मऊ करायची, वळवायची, एक उजवीकडे लावली की लगेच दुसरी डावीकडे. एकाच बाजूने लावत गेले तर वाळताना सांगाडा त्या बाजूला ओढला जातो. हे सारे दोघांनी पाळले. तरी नऊ पट्ट्या लागल्यावर आजोबांनी बोट सपाट काचेवर ठेवली, तेव्हा ती डुगडुगली. तिसरा साचा काटकोनात बसलाच नव्हता आणि त्याच्यासोबत कणाही किंचित पिळला होता. ‘ली’ची दोन प्रचंड चाके दोन बाजूंना. कणा पिळलेला असेल तर एक चाक वर आणि एक खाली येणार.

नातीने तोंड पाडले. मग ती म्हणाली, “वरून दुसरा थर यायचाच आहे. चाकाखाली एक चकती सरकवू. आत काय आहे, ते कुणाला दिसणार?”

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. त्या वेळी मुलगा दुकानातून आला होता आणि दारातच चपला काढीत होता. आजोबांनी त्याच्याकडे न पाहता नातीला हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगायला घेतली. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिकते; आत हवा नसते म्हणून कीड लागत नाही. पेव उघडल्यावर त्यात लगेच माणूसही उतरवीत नाहीत. 2005 च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. त्यांच्या एका पेवात वरची हळद कोरडी राहिली, तळाची ओलावली. त्यांनी वरचा नमुना दाखवून सगळा माल एका परगावच्या पेढीला दिला. महिन्याने तक्रार आली. बरीच घासाघीस करून त्यांनी निम्मी रक्कम परत केली आणि आपण उदारपणा केला असे घरात सांगितले. ती पेढी पुन्हा कधी दारात आली नाही.

“तळ ओला आहे, हे तुम्हाला माहीत होते?” नातीने विचारले.

“होते.”

मुलगा दारातच उभा होता. तो काही बोलला नाही. जेवणाची वेळ टळली म्हणून त्याच्यासाठी फक्त उकळलेले पाणी ठेवलेले असे. ते घेऊन तो आत न जाता त्या टेबलाशी येऊन बसला.

पट्ट्या काढण्याचे काम लावण्यापेक्षा कठीण निघाले. कोमट पाण्यात भिजवलेली फडकी सांध्यांवर ठेवून डिंक मऊ करावा लागे आणि मग पातळ पात्याने एकेक पट्टी सोडवावी लागे. चार पट्ट्या तुटल्या. तिसरा साचाही फुटला. उरलेल्या प्लायवूडवर त्याची आकृती गिरवून मुलाने नवा कापला. तो कापताना त्याने आराखड्यात एक विचित्र भाग पाहिला आणि नातीला विचारला. या बोटी लांब, उथळ आणि सपाट तळाच्या असत. त्यांची टोके खाली झुकू नयेत म्हणून खांबांवरून पुढून मागेपर्यंत लोखंडी सळ्या ताणून बांधीत, आणि त्या उघड्यावर दिसत. नमुन्यात त्यांच्या जागी दोरा येतो. “एवढा दुबळेपणा वरच मांडून ठेवला!” मुलगा म्हणाला. आजोबा ऐकत होते.

तीन आठवडे असे गेले. कणा दोन लाकडी ठोकळ्यांत आवळून, प्रत्येक साचा गुण्याने तपासून पुन्हा उभा राहिला. पहिला थर पुरा झाला, त्या रात्री बोट काचेवर ठेवली आणि तिघांनी आळीपाळीने बोटाने दाबून पाहिली. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर आणण्यासाठी आजोबा माळ्याकडे वळले, तेव्हा शिडी आधीच लावलेली होती. मुलाने 2005 ची खातेवही खाली आणली होती आणि धूळ न पुसताच ते पान उघडले होते. पेढीच्या नावाखाली पत्ता होता, परत दिलेली रक्कम होती. तिच्याशेजारी मुलाने पेन्सिलीने उरलेल्या निम्म्याचा आकडा मांडून ठेवला होता.

“अण्णा, हे बरोबर आहे का, बघा,” तो म्हणाला.

आजोबांनी चष्मा लावला आणि आकडा पुन्हा जोडून पाहिला.