गंगा कमानीतून येत नाही, सड्यातून येते!

"गंगा आली!" हे दोन शब्द राजापुरात कसे पसरतात ते वीस वर्षं बातमीदारी करताना बघतोय. पूर्वी मुंबईच्या चाकरमान्यांना पत्रं जायची, मग पेपरात चौकट यायची, एसटी जादा गाड्या सोडायची. आता कुंडात पाणी दिसलं की दहा मिनिटांत रील!

आनंदच आहे. चहावाला, रिक्षावाला, नारळ-फुलं विकणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हाताला चार पैसे लागतात. पण गर्दी ओसरली की गंगा आपल्या डोक्यातून जाते. मुद्दा तोच आहे.

राजापूर हे जुनं बंदर. इंग्रजांची वखार इथे होती, १६६१ मध्ये शिवरायांनी राजापूर घेतलं तेव्हा तीही घेतली. महाराजांनी गंगेत स्नान केल्याचं परंपरा सांगते. म्हणजे बाहेरगावच्या माणसांचं इथे येणं-जाणं ही आजची गोष्ट नाही. पर्यटन हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हापासून माणसं उन्हाळ्याची टेकडी चढतायत. वर गंगेची चौदा कुंडं, काशीकुंडाचं गोमुख आणि खाली अर्जुना नदीच्या बाजूला गरम पाण्याचा झरा. गरम झरा बारमाही, गंगा मात्र मनाची राणी.

गंगाजी साळुंखे या शेतकऱ्याची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलीय. म्हातारपणी त्याला यात्रेला जाणं जमेना, म्हणून गंगाच त्याच्याकडे आली. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याला जाता येत नाही त्याच्या दारात येणारं हे तीर्थ आहे.

आता शास्त्र काय म्हणतं? कातळाच्या पोटात पोकळी असावी आणि तिला वाकड्या नळीसारखी वाट असावी, असं अभ्यासक मानतात. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत पोकळीत साठतं. पातळी नळीच्या वाकापर्यंत चढली की पाणी ओढलं जातं आणि वाहू लागतं. पोकळी रिकामी झाली की बंद. पिंपातलं पाणी नळीने ओढून काढतो ना, तसंच. श्रद्धेला यामुळे काही धक्का बसत नाही. उलट गंगा जपायची तर काय जपायला हवं, ते यातून कळतं.

साधारण तीन वर्षांनी येणार, तीनेक महिने राहणार, हा जुन्या माणसांचा हिशेब. अलीकडे तो चुकायला लागलाय. कधी लवकर येते, कधी मुक्काम लांबवते. पाऊसमान बदललंय, जमिनीचा वापरही बदललाय. कोकणात सडे चिरेखाणींनी पोखरले जातायत, बागांना आणि बंगल्यांना बोअर पडतायत. गंगेचं गणित नेमकं कशाने बदललं, यावर कट्ट्यावर भांडण्यापेक्षा नीट मोजमाप व्हायला हवं.

पण तीर्थक्षेत्र विकास म्हटला की आपल्याकडे काय सुचतं? कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सेल्फी पॉइंट. बायकांना कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छ संडास हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण गंगा कमानीतून येत नाही हो, वरच्या सड्यातून येते. सड्यात पाणी मुरलं नाही, तर कमानीखालून लोकांनी बघायला जायचं तरी काय?

माझ्या मागण्या साध्या आहेत. गंगेला पाणी कुठून येतं त्याचा भूजल सर्वेक्षण विभागाकडून नकाशा करून घ्या. तेवढ्या भागात नवी खाण नको, खोल बोअर नको. २००९ चा भूजल कायदा पुस्तकात ठेवायला केलेला नाही. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा : गंगा कधी आली, कधी गेली, त्या वर्षी पाऊस किती. याला कोटींचा निधी लागत नाही.

आणि एक काम तुमच्यासाठी. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी कोणकोणत्या वर्षी गंगास्नान केलं? लग्नाच्या वर्षी, थोरल्याच्या जन्मानंतर, जे आठवेल ते खाली लिहा. मी सगळं एकत्र करतो. वहीचं पहिलं पान आपणच भरू.