आधी स्वतःला आवर, मग पुढारी हो!

गिरणीकामगार बंधूंनो,

पुढारी कोणाला म्हणायचं? फळीवर चढला, कर्ण्यातून ओरडला, टाळ्या घेतल्या, की झाला पुढारी? असले आपल्या सोलापुरात पैशाला पासरी झाले! दिवसा गेटावर मालकाला शिव्या, अन् रात्री त्याच्याच बंगल्यावर चहा! ज्याची जीभ ताब्यात नाही, बाटली ताब्यात नाही, तो हजारो माणसं काय ताब्यात ठेवणार?

प्रतापगड आठवा. ३० नोव्हेंबर १९५७. पंडित नेहरू शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. १९५५-५६ च्या गोळीबारांत आपली माणसं पडलेली, पोटात आग पेटलेली. वाटेवर हजारो मराठी माणूस काळी निशाणं घेऊन उभा. त्या गर्दीतून दगडांचा मारा झाला असता तर? सरकारला आयतं निमित्त अन् संयुक्त महाराष्ट्राच्या तोंडाला काळं! पण निदर्शनं शांततेत पार पडली. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी. जन्मभर साधे राहिले, तुरुंग भोगले. असा माणूस 'थांबा' म्हणतो तेव्हा लोक थांबतात. साचा चालवलेल्या गड्याला हे सांगायला नको. ताण बेताचा नसला की तार तुटते.

अन् खुर्चीचा मोह? चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर दिल्लीचं अर्थमंत्रिपद सोडलं. आमचे काही गडी युनियनची साधी खुर्ची सोडत नाहीत!

तेव्हा मत मागायला येईल त्याला दारातच विचारा : वर्गणीची वही कुठाय? काल रात्री कुणाच्या बंगल्यावर होतास?