ब्युटी डिस्ट्रिब्युटरकडची नोकरी: डिस्काउंट हवाहवासा, महिनाअखेर नकोशी

डोंबिवलीत स्टेशनजवळच्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात तुम्ही लिपस्टिकची शेड बघत असता, तेव्हा काउंटरच्या टोकाला एक मुलगा मोबाईलवर ऑर्डर लिहून घेत असतो. तो दुकानाचा नसतो आणि कंपनीचाही नसतो. तो डिस्ट्रिब्युटरचा माणूस.

ठाणे, कल्याण-डोंबिवली पट्ट्यात अशा नोकऱ्या तीन प्रकारच्या: बाजारात फिरणारे सेल्समन, मॉलच्या काउंटरवरच्या ब्युटी अ‍ॅडव्हायझर आणि भिवंडीच्या गोदामांत पॅकिंग करणारे.

यात आवडण्यासारखं बरंच आहे. माल सवलतीत मिळतो, नवीन ब्रँड आधी हाताळायला मिळतात, बारावीनंतरही काम मिळतं. आणि मुंबईची लोकल टळते. हा फायदा सॅलरी स्लिपवर दिसत नाही, पण सकाळी डोंबिवलीहून फास्ट पकडणाऱ्याला त्याची किंमत विचारा.

खटकतं ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल म्हणजे 'प्रायमरी', डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला विकलेला 'सेकंडरी'. कंपनी प्रायमरीचं टार्गेट डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात मारते. गोदाम भरतं, पैसे अडकतात आणि तो सेल्समनला म्हणतो, माल काढ. दुकानदाराकडे आधीचाच फेसवॉश पडून असतो. त्याला माल द्यायचा, मागची उधारी वसूल करायची आणि एक्स्पायरीचा माल परत घेण्यावरून बोलणीही खायची, सगळं एकाच माणसाने.

डिस्ट्रिब्युटरच खलनायक, असं मात्र नाही. घाऊक ऑनलाइन कंपन्यांना तोच माल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो, या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांवर बहिष्कार टाकला होता. मार्जिन आवळलं की पहिली कात्री इन्सेंटिव्हला लागते.

काउंटरवरच्या मुलींचा त्रास वेगळा: दिवसभर उभं राहणं. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्या, असं केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यातच लिहिलं.

आता मुख्य प्रश्न. भांडायचं झालं तर कोणाशी? टी-शर्टवर ब्रँडचं नाव, पगार डिस्ट्रिब्युटरकडून किंवा एखाद्या एजन्सीकडून. औषध कंपन्यांच्या एमआरसाठी १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचारी कायदा झाला. २०११ मध्ये त्यात सौंदर्यप्रसाधनांचा उद्योगही आणला गेला. म्हणजे लिपस्टिक विकणाऱ्यालाही नियुक्तीपत्राचा हक्क मिळाला, पण हे माहीत असलेला सेल्समन शोधावा लागेल.

दुसरीकडे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. रोजचे ९ तास, आठवड्याला ४८ तास, ओव्हरटाइमला दुप्पट दर. या तरतुदी १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजचे तास १० करायला आणि कामगारांची अट २० वर न्यायला मंजुरी दिली, मग वटहुकूमही आला. मोठ्या मॉलला यातला तासांचा बदल महत्त्वाचा. पण कल्याणच्या एखाद्या गाळ्यात १२-१५ माणसांवर चालणाऱ्या डिस्ट्रिब्युटरसाठी २० चा आकडाच सगळं ठरवतो. कालपर्यंत तासांची मर्यादा त्याला लागू होती, आता तो त्या चौकटीबाहेर जातो. बातम्यांमध्ये '१० तास' गाजलं, हे मागे राहिलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक असल्याचं केंद्र सरकार सांगतं. त्यामुळे मुलाखतीला गेलात तर डिस्काउंट किती टक्के, हे नंतर विचारा. आधी विचारा: पत्र कोणाच्या नावाने मिळणार, पीएफ कोण भरणार, इन्सेंटिव्ह प्रायमरीवर की सेकंडरीवर, आणि दुकानदाराने उधारी बुडवली तर ती माझ्या पगारातून कापणार का?