विमानतळ झाला, पण विमान का टिकत नाही? 78 आणि 186 सीटांचा साधा हिशोब

जिल्ह्यात विमानसेवा सुरू होते तेव्हा फीत कापली जाते, पाण्याच्या फवाऱ्याने विमानाचं स्वागत होतं आणि पहिल्या प्रवाशांचे फोटो गावागावातल्या ग्रुपवर फिरतात. वर्ष-दोन वर्षांनी तीच सेवा गुपचूप बंद पडते. तेव्हा ना फोटो असतो, ना भाषण. दोष मग पुढाऱ्यांवर जातो, नाहीतर ‘आपल्या भागात प्रवासीच नाहीत’ असं म्हणून विषय संपतो. खरं कारण बऱ्याच वेळा वेगळंच असतं. त्या मार्गावर कोणत्या मापाचं विमान लावलं, यावर अर्धा खेळ ठरलेला असतो.

देशात गर्दी वाढली, कंपन्या घटल्या

2019 मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या 14 कोटी 40 लाखांच्या आसपास होती. कोरोनात ती निम्म्याहून खाली घसरली. 2024 मध्ये मात्र 16 कोटींचा टप्पा ओलांडला गेला. प्रवासी वाढले, पण याच काळात जेट एअरवेज (2019) आणि गो फर्स्ट (2023) बंद पडल्या, तर विस्तारा 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आज दर दहापैकी सहा प्रवासी एकट्या इंडिगोचे आहेत. त्याखालोखाल टाटांच्या ताब्यातली एअर इंडिया येते.

एकाच कंपनीवर एवढा भार असला की काय होतं, ते डिसेंबर 2025 मध्ये देशाने पाहिलं. वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोचं नियोजन कोलमडलं आणि एकेका दिवसात शेकडो उड्डाणं रद्द झाली. इतर कंपन्यांची तिकिटं भडकली, तेव्हा सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली.

मोठी विमानं कुणासाठी?

इंडिगोने 2023 मध्ये एअरबसला एका दमात 500 विमानांची ऑर्डर दिली. त्याच वर्षी एअर इंडियाने एअरबस आणि बोइंग मिळून 470 विमानं सांगितली. आकडे ऐकून वाटतं, आता आपल्याकडेही विमान येणार. पण यातली बहुतेक विमानं 180 ते 230 सीटांची आहेत, काही तर परदेशात लांब पल्ल्याला जाणारी. ती मुंबई-दिल्ली, पुणे-बंगळुरू अशा भरगच्च मार्गांसाठी आहेत.

हिशोब सोपा आहे. समजा, एखाद्या जिल्ह्यातून मुंबईला रोज 60 प्रवासी मिळतात. 186 सीटांचं एअरबस लावलं तर दोन तृतीयांश विमान रिकामं जाईल. तेच 78 सीटांचं एटीआर लावलं तर तीन चतुर्थांशांहून जास्त भरेल. मार्ग तोच, प्रवासी तेवढेच. एका विमानात तोटा, दुसऱ्यात निभाव.

एटीआर हे पंख्याचं विमान. वेग कमी, पण इंधन कमी खातं आणि आखूड धावपट्टीवर उतरतं. अमरावतीच्या 1,850 मीटरच्या धावपट्टीवर एप्रिल 2025 मध्ये अलायन्स एअरचं एटीआरच उतरलं. गोव्यातून चालणाऱ्या फ्लाय 91 कडेही एटीआरच आहेत. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 50 आणि 76 सीटांची एम्ब्राएर जेट वापरते. थोडक्यात, तालुक्याच्या माणसाचं विमान हे लहान विमान आहे. आणि अशी विमानं देशात मोजकीच आहेत. एक बिघडलं की बदली मिळत नाही, फेरी रद्द होते. दोनदा रद्द झाली की माणूस पुन्हा ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसतो.

अनुदान संपलं की काय?

‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणं 27 एप्रिल 2017 रोजी झाली. त्यात नांदेड-हैदराबाद मार्गही होता. साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटा अडीच हजारांत द्यायच्या आणि कंपनीचा तोटा सरकारने तीन वर्षं भरून द्यायचा, अशी रचना. नांदेडहून सेवा देणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. जळगावला 18-19 सीटांची छोटी विमानं लावणारी एअर डेक्कनही टिकली नाही. म्हणजे विमान फार मोठं असलं तरी बुडतं आणि फार लहान असलं तरी खर्च निघत नाही.

कॅगने 2023 च्या अहवालात हे आकड्यांत मांडलं. ‘उडान’च्या पहिल्या तीन टप्प्यांत 774 मार्ग मंजूर झाले. त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी फक्त 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. अनुदानानंतरही मार्च 2023 पर्यंत टिकले ते अवघे 54. म्हणजे मंजूर झालेल्या शंभरातले सात.

मुंबईचं दार

दुसरी अडचण मुंबईची. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरायची वेळ मिळवण्यासाठी कंपन्यांत चढाओढ. मिळालेल्या वेळेत 78 ऐवजी 186 माणसं आणणं कोणत्याही कंपनीला परवडतं. मग जिल्ह्याच्या विमानाला भरदुपारची वेळ मिळते. सकाळी जाऊन मंत्रालयाचं किंवा दवाखान्याचं काम उरकून संध्याकाळी परत येता येत नाही. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने जागा वाढली आहे. तिचा वाटा लहान विमानांना मिळतो की मोठ्या शहरांनाच, हे पाहावं लागेल.

सोलापूरचा धडा

सोलापुरात विमानाला अडसर ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली. सभासद शेतकऱ्यांचा विरोध होता. गोव्याचं विमान उडालं ते जून 2025 मध्ये, मुंबईचं ऑक्टोबरमध्ये. एवढी किंमत मोजून आलेली सेवा टिकली पाहिजे, असं तिथल्या माणसाला वाटणारच.

म्हणून पुढच्या वेळी ‘विमानसेवा सुरू’ अशी बातमी आली की चार प्रश्न विचारावेत. विमान किती सीटांचं? आठवड्यातून किती दिवस? सुटायची वेळ काय? अनुदान कधीपर्यंत? विमानतळाच्या नावाने जमिनीचे भाव सांगणाऱ्यालाही हेच विचारावं. धावपट्टी एकदाच बांधावी लागते, विमान मात्र रोज भरावं लागतं.