वाद शहराचा, शिक्षा मतदाराला

मी सेक्टर 67 मध्ये राहतो. पत्ता सांगताना इथले लोक सर्रास चंडीगड म्हणतात, पण हा सेक्टर मोहालीत, म्हणजे पंजाबात आहे. सेक्टरांचे आकडे चंडीगडातून सलग पुढे येतात, राज्य मात्र मध्येच बदलते. त्यामुळे मला आमदार आहे. विधानसभेचे माझे मत साहिबजादा अजितसिंग नगर मतदारसंघात, लोकसभेचे आनंदपूर साहिबमध्ये. हद्दीपलीकडे चंडीगडात राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला आमदारच नाही. त्याचे शहर पंजाबची राजधानी आहे आणि हरियाणाचीही. दोन विधानसभा त्याच्या दारात भरतात आणि एकीसाठीही त्याला मत नाही. 1 नोव्हेंबर 1966 ला चंडीगड केंद्रशासित झाले तेव्हा ही व्यवस्था तात्पुरती होती.

मी बेळगावचा. आमच्या घरात 1 नोव्हेंबर म्हणजे काळा दिन. 1956 च्या त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात ढकलले गेले आणि आमचा प्रश्नही तेव्हापासून लोंबकळतो आहे. इथे येऊन चंडीगडची कहाणी कळली तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे: शहराचा वाद मिटवायचा नाही, आणि वाद मिटलेला नाही हे कारण दाखवून तिथल्या माणसाचे हक्क अडवायचे, हा सरकारांचा ठरलेला कावा आहे.

हा कावा आपल्याच देशात चालतो असे नाही. इराकमधले किर्कुक घ्या. कुर्द, तुर्कमेन, अरब आणि ख्रिस्ती यांचे हे शहर, पायाखाली तेल. सद्दामच्या राजवटीने तिथल्या कुर्दांना आणि तुर्कमेनांना हुसकावले, अरब कुटुंबे आणून वसवली. 2005 च्या राज्यघटनेतल्या कलम 140 ने वचन दिले की विस्थापितांना परत आणू, शिरगणती करू, मग सार्वमत घेऊ. मुदत होती 31 डिसेंबर 2007. ते सार्वमत आजवर झालेले नाही. प्रांतिक परिषदेची निवडणूक जानेवारी 2005 मध्ये झाली आणि नंतरची थेट 18 डिसेंबर 2023 ला. मतदारयाद्या कुणाच्या, आलेले कोण आणि परतलेले कोण, यावर भांडण मिटेना म्हणून मतदानच नाही. दरम्यान बाकीच्या बहुतेक इराकने 2009 मध्ये मत दिले, 2013 मध्येही दिले. आणि निवडणूक झाल्यावर तरी काय? सोळा जागांची परिषद महिनोन् महिने अडून राहिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये राज्यपाल निवडला गेला तो किर्कुकमध्ये नव्हे, बगदादच्या एका हॉटेलात, अनेक सदस्यांच्या गैरहजेरीत.

कुर्दांची बाजू मला न्याय्य वाटते. ज्यांना घरातून हाकलले त्यांचा हक्क पहिला. पण 2014 ते 2017 या काळात शहर पेशमर्गांच्या, म्हणजे कुर्द सैनिकांच्या ताब्यात होते, तेव्हा कुर्द नेत्यांनी तरी परिषदेची निवडणूक कुठे घेतली? 2017 मध्ये त्यांनी स्वातंत्र्याच्या सार्वमतात किर्कुकला ओढले आणि ऑक्टोबरात शहरच गमावले. नोव्हेंबर 2024 ची शिरगणती झाली, तर तिच्यात वंशाचा रकानाच नव्हता. ज्या आकड्यावर सगळा वाद, तो आकडाच मोजायचा नाही!

मोजणी हे किती जालीम हत्यार आहे, हे पंजाबला शिकवावे लागत नाही. 1966 मध्ये पंजाब-हरियाणाची हद्द सुचवणाऱ्या शहा आयोगाने 1961 च्या जनगणनेवर विसंबून खरड तहसील चंडीगडसह हरियाणाला द्यावी असे सुचवले, आणि त्या जनगणनेत असंख्य पंजाबी हिंदूंनी घरात पंजाबी बोलत मातृभाषा हिंदी लिहिली होती. 1969 मध्ये दर्शनसिंग फेरुमान चंडीगडसाठी उपोषण करत मेले. 1970 च्या जानेवारीत इंदिरा गांधींनी शहर पंजाबला देऊ केले, बदल्यात अबोहर-फाजिल्काचा भाग हरियाणाला. 1985 च्या राजीव-लोंगोवाल करारात तर तारीखच ठरली: 26 जानेवारी 1986. बदल्यात हरियाणाला काय द्यायचे हे ठरवण्यासाठी, अबोहर-फाजिल्काला हरियाणाशी जोडणाऱ्या कंदूखेडा नावाच्या एका गावात घरोघर जाऊन मातृभाषा नोंदवली गेली. गावाने पंजाबी सांगितली, हरियाणाला सलग भूभाग मिळेना, हस्तांतर बारगळले. एका गावाच्या जबाबावर राजधानी अडली, आणि त्या राजधानीत राहणाऱ्यांना मात्र एकदाही कुणी काही विचारले नाही.

1984 पासून पंजाबचे राज्यपालच चंडीगडचे प्रशासक आहेत. नागरिकांच्या हाती उरते महापालिका आणि तिचा एक वर्षाचा महापौर. 30 जानेवारी 2024 ला त्या महापौराची निवडणूक झाली. पीठासीन अधिकारी कॅमेऱ्यासमोर मतपत्रिकांवर पेन चालवत होता. आठ मते बाद ठरवून त्याने हरणाऱ्याला जिंकवले. 20 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका स्वतः पाहिल्या, निकाल फिरवला आणि कुलदीप कुमार महापौर झाले. एकुलत्या एका सभागृहातही मतावर दरोडा पडतो, कारण या शहराच्या मताची कुणालाच भीती नाही.

आता बेळगाव. 1956 च्या जानेवारीत आमची माणसे गोळीबारात पडली. 1967 मध्ये या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 264 गावे महाराष्ट्राला देऊ केली आणि बेळगाव कर्नाटकात ठेवले. शहरात मराठी माणूस संख्येने मोठा, हे आयोगालाही नाकारता आले नाही, म्हणून आजूबाजूच्या कन्नड प्रदेशाचा आधार घेतला. 2005 साली महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. निवडून आलेल्या सभागृहाने बहुमताने केलेला ठराव! महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. काळे फासणारे गुंड होते असे म्हणता येईल. पालिका बरखास्त करणारे मात्र सरकार होते. 2014 च्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक पाडला आणि पोलिसांनी गावकऱ्यांना घरात घुसून झोडपले. अलीकडे डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि त्याच वेळी मराठी मेळाव्याला परवानगी नाकारली जाते.

हे झाले वर्तमानपत्रात येणारे. रोजचा जाच वेगळाच. माझ्या चुलत्याला स्वतःच्या शेताचा उतारा वाचता येत नाही. सगळा कन्नडमध्ये. नाव त्याचे, जमीन आजोबांची, आणि कागद वाचून घ्यायला तो कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे पैसे मोजतो. एकदा वाटणीच्या नोंदीत भावाच्या नावावर चार गुंठे जादा चढले, ते त्याला वर्षभराने कळले. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे देशाने केव्हाच मान्य केले आहे. त्यासाठी राज्याची रेषा एक इंचही हलवावी लागत नाही. कर्नाटकाला ते द्यायचे नाही, कारण बेळगावात मराठी कागद दिला तर महाराष्ट्राच्या दाव्याला बळ मिळेल अशी त्याला धास्ती आहे. म्हणजे दावा सर्वोच्च न्यायालयात आणि त्याची किंमत माझ्या चुलत्याने भरायची.

आणि महाराष्ट्राने काय केले? 2004 मध्ये दावा दाखल केला आणि हात झटकले. 27 डिसेंबर 2022 ला विधिमंडळाने कर्नाटकातली 865 गावे महाराष्ट्रात आणण्यासाठी एकमताने ठराव केला. टाळ्या झाल्या, ठराव कपाटात गेला. त्याच महिन्यात दोन मंत्री बेळगावला येणार होते, त्यांनी दौरा रद्द केला. निवडणुकीत मात्र याच मुंबई-कोल्हापूरचे नेते आपापल्या पक्षाच्या प्रचाराला सीमा ओलांडून येतात आणि सीमाभागासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराविरुद्ध मते मागतात. समितीही स्वतःच्या गटबाजीने पोखरली. 2018 पासून विधानसभेत तिचा एकही आमदार नाही. 2021 ला महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपने नेल्या, समितीच्या हाती बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या. तेव्हा कन्नड वाहिन्या म्हणाल्या, मराठी प्रश्न संपला. प्रश्न संपलेला नाही. साठ वर्षे ज्याच्या मताने काही हलले नाही, तो गटारे आणि पाण्याचे नळ बघून मत देऊ लागला, इतकाच त्या निकालाचा अर्थ आहे.

आपल्या पदरातले निखारेही बघायला हवेत. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी गावे आहेत. 2022 मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला तेव्हा आपण खवळलो. त्या गावांनी पूर्वी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा का केली होती, हे किती जणांनी विचारले? 2024 मध्ये तिथल्या कन्नड शाळांवर कन्नड न येणारे शिक्षक नेमल्याची तक्रार झाली. जतच्या मुलाला जे आपण देत नाही, ते बेळगावच्या मुलासाठी कोणत्या तोंडाने मागणार?

किर्कुक, चंडीगड, बेळगाव, तिन्ही ठिकाणी माझी मागणी एकच आहे. रेषा कुठे असावी हे न्यायालयाने ठरवावे, लवकर ठरवावे, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवावे. तोवर निवडणूक वेळेवर, सभागृह अबाधित आणि सरकारी कागद माणसाच्या भाषेत. यातल्या कशालाही निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

पुढच्या वेळी कुणी नेता बेळगावावर भाषण ठोकू लागला, की टाळ्या वाजवू नका. 2004 च्या दाव्याची सुनावणी लावून घ्यायला काय केले आणि जतच्या कन्नड शाळेला कन्नड शिक्षक कधी देणार, एवढे दोन प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला सोडू नका.