नसबनाम्यात नसलेल्या बायका

परभणी, जिंतूर, पाथरी, पूर्णा यांपैकी कोणत्याही गावच्या शाळेचा हजेरीपट उघडला, तर त्यात दोन-चार चाऊस सापडण्याची शक्यता मोठी. वर्गातल्या इतर मुलांना ते नुसते एक मुसलमानी आडनाव वाटते आणि खुद्द चाऊसांच्या पोरांनाही त्यापलीकडे फारसे ठाऊक नसते. शब्द मूळचा तुर्की, फौजेतल्या एका हुद्द्याचा. हुद्दा तुर्कांचा, माणसे अरब, चाकरी दख्खनच्या निजामाची आणि आता नाव महाराष्ट्राच्या मतदार यादीत. एवढा प्रवास एका आडनावात बसलेला आहे आणि तो नीट सांगू शकतील अशी माणसे आपल्या मोहल्ल्यांतून दरवर्षी कमी होत आहेत. या संपादकीयाचा विषय तोच आहे.

आजच्या येमेनच्या दक्षिणेला हद्रमौत नावाचा मुलूख आहे. पाऊस नावापुरता, शेती दऱ्यांच्या तळाशी, म्हणून तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून बाहेर पडत. कोणी जावा-सुमात्र्यात व्यापाराला गेले, कोणी पूर्व आफ्रिकेत, तर कोणी दख्खनमध्ये शिपाईगिरीला आले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथल्या जवळपास प्रत्येक सत्तेकडे अरबांच्या तुकड्या होत्या. १८१७ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी नागपूर शहर इंग्रजांविरुद्ध लढवले. १८१९ साली हिंगोली-उमरखेडच्या टापूतल्या नोव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक हटकर लढले, तेव्हा त्यांच्याकडेही अरब शिपाई होते. पुढे बहुतेकांचा आसरा निजामाचे राज्य हाच राहिला. तिथे ते खजिन्यावर पहारा देत, सरकारी रकमेसोबत चालत, जमादार होत. हद्रमौतच्या किनाऱ्यावरच्या मुकल्ल्याचे कुऐती सुलतान हेही निजामाच्या दरबारातले जमादार होते. हैदराबादेत कमावलेल्या पैशावर त्यांनी तिकडे राज्य उभे केले. यातले काही अरब व्याजबट्टाही करत आणि त्यांची वसुली कडक असे. ही आठवण मराठवाड्याच्या खेड्यांत अजून आहे आणि ती लपवून आपला इतिहास पूर्ण होणार नाही.

मी स्वतः चाऊस नाही. माझी आई चाऊसांची. त्यामुळे आमच्या आजोळी जो नसबनामा आहे, म्हणजे वंशावळीचा जो कागद आहे, त्यात मी कुठेच नाही. तो कागद मी पाहिला आहे. अमुक बिन तमुक बिन फलाणा, अशी बापांची साखळी थेट हद्रमौतच्या एका दरीपर्यंत जाते. कागद सुंदर आहे, अक्षर देखणे आहे. त्यात एकाही आईचे नाव नाही.

आता साधा हिशेब करा. हद्रमौतहून आलेले हे पुरुष बहुतांशी एकटे आले. जहाजात बायका नव्हत्या. त्यांनी लग्ने इथे केली, इथल्या मुसलमान घरांतल्या मुलींशी. म्हणजे या घराण्यांतली पहिली पिढी जन्मली तीच दख्खनी आईच्या पोटी. अरब स्वतःही हा फरक ओळखून होते. तिकडे जन्मलेला तो 'विलायती' आणि इकडे जन्मलेला तो 'मुवल्लद'. त्या मुवल्लद मुलाशी घरात कोण कोणत्या भाषेत बोलले असेल? माझ्या नानीची दादी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिचे भाऊ ज्वारी पिकवत. ती जात्यावर ओव्या म्हणायची आणि नवऱ्याला हरीस लागतो म्हणून तोही रांधायला शिकली. गहू आणि गोश्त तासन्‌तास घोटायचे ते काम तिला आवडत नसे, असे नानी हसत सांगायची. आजोबांबद्दल नानीला एकच वाक्य ठाऊक होते: "दादा जहाज में बैठ को आए." दादीबद्दल मात्र ती तासभर बोलू शकायची. परक्या देशात आलेल्या माणसाचे घर कसे बसले, याची माहिती या तासभराच्या बोलण्यात आहे. नसबनाम्यात ती नाही.

आपल्या समाजात 'आम्ही बाहेरून आलो' हे वाक्य दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळे अर्थ घेते. सोयरिकीच्या बैठकीत ते मोठेपणाचे असते. आम्ही अरब, आम्ही सय्यद, आम्ही पठाण, म्हणून बागवानाच्या, मोमिनाच्या किंवा कुरेशीच्या घरी मुलगी द्यायची नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली ती याच उतरंडीच्या विरोधात, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांत आपलेच लोक होते. तेच वाक्य मोहल्ल्याबाहेर, चौकात आणि टीव्हीवर उच्चारले गेले की आरोप होते: हे बाहेरचे, यांना बाहेर जायला काय हरकत? घरातला अभिमान आणि बाहेरचा आरोप, दोन्ही एकाच अर्ध्या गोष्टीवर जगतात. जहाजातून उतरलेला पुरुष दोघांनाही दिसतो. जिंतूर तालुक्यातली ती बाई दोघांनाही दिसत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला आणि पाठोपाठ नागरिक नोंदणीची चर्चा सुरू झाली. तेव्हा घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. आमच्या आजोळीही उघडली. नसबनामा गुंडाळून खाली गेला आणि १९५४ च्या खासरा पत्रकाची नक्कल वर आली. एक कागद सांगतो की हे घराणे समुद्रापलीकडून आले, दुसरा सांगतो की या माणसांच्या नावावर अमुक गट नंबरात इतकी एकर जमीन होती. दोन्ही कागद खरे आहेत. पण एकदा भीती बसली की माणूस कोणता खरा कागद दाखवायचा हे निवडू लागतो आणि दुसरा हळूहळू हरवतो. नातवांना 'हे कोणाला सांगू नको' असे बजावले जाते. ज्या पिढीने आठवणी पुढे न्यायच्या, तिलाच गप्प राहायला शिकवले जाते.

ही गप्प बसण्याची सवय १९४८ पासूनची आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा न्याय्य होता, याबद्दल आपल्या नियतकालिकाने कधीही आडपडदा ठेवलेला नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांची जी कत्तल झाली, तीही खरी होती. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मराठवाड्याच्या लढ्यावर अनंत भालेरावांनी लिहिले, कुरुंदकरांनी लिहिले, स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी नोंदल्या गेल्या, आणि ते व्हायलाच हवे होते. निजामाच्या फौजेचे सरसेनापती अल-ईद्रूस हे हद्रमी वंशाचे. त्यांच्याही आठवणी पुस्तकरूपाने आल्या. राहून गेला तो खजिन्यावर पहारा देणारा चाऊस, आणि त्याची बायको.

संस्थान विलीन झाल्यावर बाहेर जन्मलेल्या अरबांना परदेशी ठरवून छावण्यांत ठेवले गेले आणि अनेकांना जहाजाने एडनला परत पाठवण्यात आले. मुवल्लद बहुतेक राहू शकले. नानीचे वडील इथे जन्मलेले, ते राहिले. त्यांचा थोरला चुलतभाऊ तिकडे जन्मलेला, तो गेला. त्याची बायको परभणीची होती आणि पदरात दोन मुले. ती इथेच राहिली. एक-दोन पत्रे आली, मग तीही बंद झाली. "ना बेवा, ना सुहागन," असे नानी तिच्याबद्दल म्हणायची. तिने शिवणकाम करून मुले वाढवली आणि बांगड्या भरायच्या की नाही हा प्रश्न तिला आयुष्यभर लोक विचारत राहिले. नसबनाम्यात तिच्या नवऱ्याचे नाव आहे आणि मुलांची आहेत. नवरा परक्या देशातून आला आणि परक्यासारखा पाठवला गेला. तिने मात्र परभणी कधी सोडली नाही. तरी तिच्या डोक्यावरून राज्ये बदलत गेली. आधी निजाम, मग भारतातले हैदराबाद राज्य, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र. माझ्या मते स्थलांतरितांच्या इतिहासात तिचे पान तिच्या नवऱ्याच्या बरोबरीने असायला हवे.

जगात इतरत्र हे काम लोकांनी स्वतः हाती घेतले आहे. फाळणीच्या साक्षीदारांचे बोल जमवणाऱ्या '१९४७ पार्टिशन अर्काइव्ह' या उपक्रमाने दहा हजारांहून अधिक मुलाखती नोंदवल्या. अमेरिकेत गेलेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांचे फोटो आणि पत्रे जपणारी 'साडा' ही संस्था २००८ पासून काम करते. आपल्याकडे २०२३ साली कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दस्तऐवजांचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किंमत अवघ्या मराठवाड्याला कळली. सत्तर वर्षे धूळ खात पडलेल्या वहीत एखाद्या समाजाचे भवितव्य असू शकते, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण सरकारी वहीत जमीन, जात आणि बापाचे नाव असते. ती बाई सरकारी वहीत सापडणार नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून यातले थोडे तांत्रिक बोलणे माझ्याकडे येते. आपल्या घरांत आज सर्वांत धोक्यात आहेत त्या कॅसेटी. ऐंशीच्या दशकात मोहल्ल्यातली माणसे जेद्दाह, रियाध, कुवेतला गेली, म्हणजे हा प्रवास उलट दिशेने झाला. लिहिता न येणाऱ्या आया त्यांना कॅसेटमध्ये बोलून निरोप पाठवायच्या आणि तिकडून उत्तरही कॅसेटमध्येच यायचे. त्यावर नंतर कोणी कव्वाली भरली, कोणी वाज भरला. ज्या उरल्या आहेत त्यांची फीत ओलाव्याने चिकटत चालली आहे. आधी त्या काढा. चिकटलेली फीत जबरदस्तीने वाजवू नका, ती तुटते. चालणारा टेपरेकॉर्डर मिळवा, संगणकाला जोडा, आवाज पूर्ण दर्जात साठवा, लहान करून नव्हे.

व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो म्हणजे जपलेला फोटो, हा समज सोडायला हवा. तो पाठवताना बारीक होतो, केव्हा काढला ही माहिती त्यातून गळते आणि फोन बदलला की तोही जातो. जुना फोटो स्कॅन करा, फाइलच्या नावातच साल, गाव आणि माणसाचे नाव लिहा, आणि मूळ फोटोमागे शाईने नव्हे तर मऊ पेन्सिलीने नोंद करा. प्रत किमान दोन वेगळ्या घरांत हवी.

म्हाताऱ्यांना बोलते करताना त्यांची भाषा सुधारू नका. फोनमधली बोलण्याचे लिहिणे करणारी साधने दखनीला हिंदी समजतात. 'हौ'चे 'हाँ' करतात, 'नक्को' पाहून गोंधळतात. त्या 'नक्को'त आपल्या मराठीचा 'नको' बसलेला आहे, तोच पुसला जातो. लिहिलेली प्रत नंतर करता येते. मूळ आवाज मात्र जसाच्या तसा हवा. प्रश्नही साधे विचारा. कोणत्या बंदरावर उतरले, परभणीला कशाने आले (मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज १९०० साली सुरू झाली, त्याआधीची माणसे बैलगाडीने आली असतील), पहिले घर कोणाच्या वाड्यात, भाडे किती. मग विचारा की आई कोणत्या गावची, तिच्या आईचे नाव काय. चार पिढ्यांचे बाप धडाधड सांगणारे बुजुर्ग इथे अडखळतात. घाई करू नका. बहुतेक वेळा उत्तर आतल्या खोलीतून, पडद्यामागून येते. तेव्हा फोन उचलून तिकडे न्या.

शेवटी परवानगीचे. आजच्या दिवसांत ही हलकी बाब नाही. बोलणाऱ्याला आधीच विचारा: हे फक्त घरच्यांनी ऐकायचे की सगळ्यांनी, आत्ता की वीस वर्षांनी, नावासह की नावाविना. उत्तर त्याच ध्वनिफितीत नोंदवा आणि नंतर मन बदलले तर ते माना. आधार कार्ड, खासरा नक्कल, नसबनामा यांचे फोटो आठवणींच्या फोल्डरमध्ये टाकून सगळ्या नातेवाईकांना वाटू नका. ती कागदपत्रे वेगळी ठेवा. या आठवणी कोणाला काही सिद्ध करून देण्यासाठी आपण जमवत नाही आहोत. पुरावा मागणाऱ्याला पुरावा वकील देईल. फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला पुण्या-मुंबईची, हैदराबादची, अगदी आखातातलीही मंडळी परभणीला परततात, आणि घरातली म्हातारी माणसे एका छताखाली असतात. हे काम सुरू करायला ते चार दिवस पुरेसे आहेत. तुमच्या घरात कॅसेट ऐकवणारे यंत्र नसेल, तर शेजारच्या मोहल्ल्यात कोणाच्या तरी माळ्यावर ते नक्की पडलेले असेल.