भंगारात घालण्याआधी

आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. एका तटात मी एकटा, दुसऱ्यात बाकी सगळे. वादाचा विषय म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला मामांचा जुना लेथ. सहा फुटी बेडचा, जवळजवळ टनभर वजनाचा. नावाची पाटी कधीच गळून पडली आहे. मामा लातूरला वर्कशॉप चालवायचे. ते गेल्यावर शेड रिकामी करायची वेळ आली तेव्हा भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता, आणि मी टेम्पो करून लेथ किल्लारीला आणला. "एवढ्या पैशात नवा छोटा लेथ आला असता," असं पुण्याच्या चुलतभावापासून आमच्या सौभाग्यवतींपर्यंत सगळे ऐकवून झाले आहेत. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो.

आधी हे सांगतो की जुनं ते सोनं ह्या मताचा मी नाही. किल्लारीचा माणूस तसं म्हणूच शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, आमच्याकडे जुन्यानेच माणसं मारली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. ह्या पट्ट्यात सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात हीच घरं गार म्हणून आम्ही मिरवायचो.

पण भूकंपानंतर अभ्यासक आले, त्यांनी पडलेल्या भिंती पाहिल्या. त्यातून जे कळलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये गोटे-कपच्यांची भर, आणि सगळं मातीच्या गाऱ्यात. दोन थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. कोपऱ्यावर भिंतीत भिंत गुंतवलेली नव्हती. हादरा बसला आणि दोन थर एकमेकांपासून सुटले. वर वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेलं माळवद. दगड आपला काळा बेसाल्ट, त्याला काय होणार? सुटला तो सांधा.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. शिवाय आजूबाजूच्या जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या घरात घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. जुनी भिंत न पाडता तिच्यात आरपार दगड किंवा सळईचा काँक्रीटचा अडसर कसा घालायचा, वरून पट्टा कसा बांधायचा, हे गवंड्यांना शिकवलं गेलं. तरी कित्येकांनी त्या पैशात जुनं घर तसंच ठेवून शेजारी एक नवी खोली बांधली. दगडी भिंतीखाली झोपायची छाती कोणाला होती? मी त्यांना दोष देत नाही. मात्र त्यामुळे एक गोष्ट झाली. 'जुनं' आणि 'धोक्याचं' हे आमच्याकडे एकच शब्द झाले, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते विचारायची सवय मागे पडली.

लेथच्या बाबतीत मी तेवढंच विचारलं, नेमकं काय बिघडलंय?

लेथचा बेड म्हणजे बिडाचा ओतीव तुकडा. जुने कारखाने ओतकाम केल्यावर ते महिनोन्महिने उघड्यावर ठेवून देत, आतला ताण निघून जावा म्हणून. इतक्या वर्षांनंतर तो वाकायचा-मुरडायचा राहिलेला नसतो. झिजतो तो जिथे एक भाग दुसऱ्यावर सरकतो तिथे. तेही सगळीकडे सारखं नाही. वर्कशॉपमधली बहुतेक कामं आखूड असतात, त्यामुळे चकजवळचा हातभर बेड झिजतो आणि टेलस्टॉककडचा जवळजवळ कोरा राहतो. कॅरेजच्या पट्ट्या चकजवळ ठीक बसवल्या तर पलीकडे जाऊन कॅरेज अडकतं, पलीकडे ठीक केल्या तर चकजवळ हलतं. जुना लेथ बघायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका, कॅरेज ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. अर्धी कुंडली तिथेच कळते.

आमच्या लेथवर एक जाड बार टेलस्टॉकचा आधार न देता चकमध्ये धरून हलका कट घेतला आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजली. १०० मिमी लांबीत ०.०८ मिमीचा फरक. हेडस्टॉकच्या ब्राँझ बुशांमध्ये थोडी ढिलाई, क्रॉस स्लाइडच्या हँडलला जवळजवळ पाव फेरा प्ले, चेंज गिअरमधल्या एकाचे दोन दात तुटलेले. बस्स, टनभर यंत्रातला बिघाड एवढाच! सगळा मिळून एका बादलीत मावेल.

क्रॉस स्लाइडचा नट गनमेटलचा असतो. स्क्रू पोलादाचा, नट मऊ धातूचा. घासायचं तर स्वस्त भागाने घासावं, महागाला धक्का लागू नये, ही मूळ बनवणाऱ्याचीच योजना. म्हणजे झिजलेला नट हा यंत्राच्या म्हातारपणाचा पुरावा नव्हे, त्याने आपलं काम केलं एवढंच. आणि गंमत अशी, की जुना नट काढण्याआधी त्याच लेथवर नवा करून घेता येतो. मी तसाच केला, डाव्या आट्यांचा. स्वतःचाच सुटा भाग स्वतःवर करू देणारी यंत्रं फार नाहीत.

गंजासाठी दोन घरगुती उपाय. लहान भाग मळीच्या पाण्यात (एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी) आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचे. मळी गंज सोडवते आणि चांगल्या लोखंडाला फारसा हात लावत नाही, फक्त बीड त्यात विसरून ठेवू नये. ऊस पिकवणाऱ्या भागात ह्याहून सोयीचं काय? वास मात्र असा सुटतो की दुसऱ्या तटाचं संख्याबळ वाढतं. दुसरा उपाय धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातली साधी पट्टी धन टोकाला, आणि हे काम मोकळ्या हवेत करायचं. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

आता पाया. इथे आमची काळी जमीन आडवी येते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेल्या लेथचा बेड पिळवटतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट टाकलं. तरीही पावसाळा संपला की लेव्हल पुन्हा लावून बघायची असं ठरवलं आहे. विजेचं म्हणाल तर घरात सिंगल फेज आणि लेथची मोटार थ्री फेज. मध्ये व्हीएफडी बसवला, मूळ मोटार तशीच राहिली आणि वेग कमीजास्त करायची सोय आयती मिळाली.

लीड स्क्रू इंचाचा आहे, एका इंचात चार आटे. मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो. १२७ च का? एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट बरोबर १२७! देश इंचातून मिलिमीटरमध्ये गेला, आणि जुन्या लेथला त्याच्याबरोबर जायला एक गिअर पुरला.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे. नवा छोटा लेथ शंभर-दीडशे किलोचा येतो. चांगला असेलही, पण लोखंड कापताना थरथर दाबून धरायला वजन लागतं आणि ते आकर्षक रंगाने येत नाही. दुसरं म्हणजे ही यंत्रं दुरुस्त व्हावीत म्हणूनच बनवलेली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांसाठी. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली, १९५३ मध्ये बंगलोरला एचएमटी. हरिहरचा कारखाना बंद पडला, पण तिथले लेथ गावोगावी अजून चालतात, कारण त्यांचा कुठलाही भाग पान्याने सुटतो आणि दुसऱ्या लेथवर बनवता येतो.

"मग पूर्ण नव्यासारखा का करत नाहीस?" हा आमच्या अभियंता भाच्याचा प्रश्न. बेड ग्राइंड करायला मोठ्या शहरात न्यावा लागेल, खर्च लेथच्या किमतीच्या वर जाईल. गरज काय? मला पंपाचे बुश, कुळवाचे आणि पेरणी यंत्राचे पिन, बोल्ट करायचे आहेत. चकजवळ किती फरक पडतो हे मला माहीत आहे, शेवटचा कट घेताना तो हिशेबात धरतो. माहीत असलेला दोष सांभाळता येतो. न विचारलेला दोष एके रात्री अंगावर येतो, हे आमच्या गावाला वेगळं सांगायला नको.

आणि चमकदार रंग मारून दिवाणखान्यात ठेवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मी रंग सगळ्यात शेवटी देणार, तोही साधा राखाडी. त्याआधी उघड्या पट्ट्याला जाळीचं झाकण बसवायचं आहे. मामांच्या काळात ते नव्हतं, आणि ही एक जुनी गोष्ट मात्र मी खुशाल भंगारात काढतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. टाकायचं असेल तर जरूर टाका, पण आधी उघडून बघा, मोजा, आणि नेमकं काय झिजलंय ते शोधा. सांधा सुधारता येत असेल तर अख्खी वस्तू काट्यावर चढवू नका. सांधा सुधारता येणारच नसेल, तर मामांची असली तरी तिच्याखाली झोपू नका.

असो. नळाचा वॉशर बदलायचा आहे म्हणून आतून हाक आली आहे. दुरुस्तीवर एवढं भाषण केल्यावर नाही म्हणायची सोय उरलेली नाही!